रिलीज दर वेळी लांबतंय? एम्बेडेड लिनक्स प्रकल्पाच्या वेळापत्रकातला बिघाड असा शोधला

"या रविवारी नक्की टॅग करू." हे वाक्य आमच्या गटात तीन वर्षं दर सहामाहीला ऐकू यायचं. टॅग म्हणजे कोडवर मारलेला आवृत्तीचा शिक्का; तो पडला की रिलीज झालं. रविवारी सकाळी कोथरूडला माझ्या घरी आठांपैकी पाच-सहा जण जमायचे. टेबलावर चार बोर्ड उघडे, वायरींचा गुंता, दोनदा चहा. संध्याकाळी कुणीतरी म्हणायचं, मोडबसचं काम जवळपास झालंय, एवढं घेऊनच काढू. की गेला तो रविवार.

प्रकल्प काय आहे ते थोडक्यात सांगते. शेतातल्या पंपघरात बसणारा छोटा गेटवे. मातीतला ओलावा, विहिरीची पातळी आणि तिन्ही फेज बघून तो मोटर चालू-बंद करतो आणि फोनवर कळवतो. आत बिल्डरूटवर (छोट्या उपकरणांसाठी लिनक्स बांधून देणारं साधन) बांधलेलं लिनक्स आहे, सगळं ओपन सोर्स. आम्ही सगळे नोकरी सांभाळून हे करतो. निम्मे लोक रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी येऊन रात्री पॅच (कोडमधले बदल) बघतात. नारायणगावच्या आसपास साठेक गेटवे बसवले आहेत. शेतकरी त्याला 'डबा' म्हणतात, आता आम्हीही.

ज्यांचं रिलीज एकदा लांबलं त्यांच्यासाठी हे लिहीत नाहीये. एखाद्या वेळी कुणी आजारी पडतं, एखादा बोर्ड जळतो, ते चालायचंच. दर वेळी लांबतं, दर वेळी कारण वेगळं सांगितलं जातं आणि तरी शेवटचे दोन आठवडे हुबेहूब तसेच जातात, त्यांच्यासाठी आहे.

लक्षणं

शेवटच्या आठवड्यात मर्ज विनंत्यांची (बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशा विनंत्यांची) रांग अचानक दुप्पट होते. आरसी-१ (रिलीजआधीची पहिली चाचणी आवृत्ती) निघाल्यावरही "एवढं एकच" म्हणत नवं काम आत येतं. बदलांची यादी अंतिम टॅगच्या रात्री लिहिली जाते. बिल्ड सर्व्हरवर नीट बांधली जाणारी इमेज (उपकरणावर चढवायचं तयार सॉफ्टवेअर) दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बांधली की वेगळीच निघते. आणि रिलीजनंतर आठ दिवसांत घाईघाईने पॉइंट रिलीज (फक्त दुरुस्त्यांचं छोटं रिलीज) काढावं लागतं. यातली तीन लक्षणं जरी तुमच्याकडे असली, तरी पुढे वाचा.

आधी न लागू पडलेले उपाय सांगते, म्हणजे तुमचा वेळ वाचेल. तपासयादी मोठी केली. ती भरायला एक दिवस जास्त लागू लागला, बाकी काही नाही. "आजपासून कोड फ्रीझ", म्हणजे नवं काम आत घ्यायचं नाही, असं जाहीर केलं. पण फ्रीझमध्ये लोकांनी करायचं काय, नवं काम ठेवायचं कुठे, याला उत्तर नव्हतं, म्हणून चौथ्या दिवशी तो वितळला. मुदत दोन आठवड्यांनी वाढवली. त्या दोन आठवड्यांत आणखी दोन फीचर आली. वाढीव मुदतीसारखं फसवं औषध नाही. ताप उतरल्यासारखा वाटतो आणि आजार वाढत राहतो.

निदान

मला उपयोग झाला तो एका वहीचा. मागची तीन रिलीज घेतली. प्रत्येकाच्या आरसी-१ पासून अंतिम टॅगपर्यंत गिट लॉग (कोडमधल्या बदलांची नोंदवही) लावला आणि एकेक कमिट (नोंदलेला बदल) वहीत उतरवला. प्रत्येकापुढे एकच रकाना ठेवला: हा कमिट जे दुरुस्त करतो, ते मुळात आत आलं कधी? कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) जगात दुरुस्तीच्या कमिटखाली 'फिक्सेस' अशी ओळ लिहून मूळ कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) देतात. आमच्याकडे ती सवय नव्हती, त्यामुळे गिट ब्लेम (कुठली ओळ कुठल्या कमिटमधून आली ते दाखवणारा आदेश) करत दोन संध्याकाळी गेल्या. आता ती ओळ नसेल तर आम्ही दुरुस्ती मर्ज करत नाही.

तिन्ही रिलीज अनुक्रमे १९, ३४ आणि ११ दिवस लांबली होती. मधल्या, सगळ्यात जास्त लांबलेल्या रिलीजमध्ये आरसी-१ नंतर ४१ कमिट होते. त्यातले २६ कमिट हे आरसी-१ च्या आधीच्या आठ दिवसांत घुसलेल्या कामाच्या दुरुस्त्या होत्या. जुन्या दोषांच्या दुरुस्त्या फक्त सहा. हा रकाना भरून झाल्यावर मी बराच वेळ वहीकडे बघत बसले. आम्ही स्वतःला सांगत आलो होतो की चाचणी कमी पडते, माणसं कमी पडतात. वही सांगत होती की आम्ही शेवटच्या आठवड्यात दोष आत ओततो आणि पुढचा महिना तेच उपसत बसतो.

मग पुढचा प्रश्न: लोक शेवटच्या आठवड्यातच का ओततात? मी एकेकाला विचारलं. उत्तर सगळ्यांचं एकच, शब्द वेगळे. "हे चुकलं तर पुढचं रिलीज कधी येईल कुणाला माहीत!" मूळ बिघाड हा होता. आमच्या रिलीजला तारीख नव्हती, फीचरांची यादी होती. यादी पूर्ण होईल तेव्हा रिलीज. त्यामुळे पुढच्या गाडीचा भरवसा कुणालाच नव्हता, आणि ज्या फाट्यावर पुढची एसटी कधी येईल याचा पत्ता नसतो तिथे लोक दाराला लटकून जातात.

त्या लटकण्याची किंमत

एकदा ठरलेल्या टॅगच्या दोन दिवस आधी आम्ही कर्नल ४.१९ वरून ५.१० वर नेला. कारण तेच, पुढची संधी कधी ते ठाऊक नव्हतं आणि ५.१० हा दीर्घ मुदतीचा, म्हणजे वर्षानुवर्षं दुरुस्त्या मिळणारा, कर्नल होता. टेबलावरचा बीगलबोन ब्लॅक बोर्ड चार-पाच वेळा चालू-बंद केला, प्रत्येक वेळी नीट उठला, अपडेट पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नारायणगावच्या एका काकांचा फोन. "ताई, डबा रात्रीपासून गप पडलाय. मोटर हातानं चालू करू का?" एप्रिल होता, टोमॅटोला पाणी हवंच. मी म्हटलं, करा काका, आम्ही निघतोच. एका सहकाऱ्याला घेऊन नाशिक रस्ता धरला. राजगुरुनगर, मंचर, मग नारायणगाव. पुण्यापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. वाटेत आणखी तिघांचे फोन आले.

पंपघरात टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर लॅपटॉप ठेवला, सिरियल केबल लावली, ११५२०० चा वेग दिला आणि डब्याची वीज काढून परत घातली. यू-बूट (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) आलं, कर्नल सुरू झाला, ओळी सरसर वर गेल्या आणि एका ओळीवर येऊन थांबल्या: 'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' (लिनक्सच्या मुख्य फाइली जिथे आहेत त्या साठवणीची वाट बघतोय), पुढे एमएमसीबीएलके-१ च्या दुसऱ्या पार्टिशनचं नाव. मिनिट गेलं, दोन गेली, ओळ तीच. वीज काढून पुन्हा घातली तर डबा अगदी नीट उठला. काका मागे उभे होते. ते म्हणाले, "आता चाललं की!" मला मात्र तेव्हाच धडकी भरली. नेहमी बिघडणारी वस्तू सापडते. कधीमधी बिघडणारीला शोधताना जीव जातो.

कारण असं होतं. या बोर्डावर ईएमएमसी (बोर्डावरच जडवलेली साठवण) आणि एसडी कार्ड, दोन्ही एमएमसीचीच भावंडं. जुन्या कर्नलवर त्यांचे क्रमांक ठरलेले असायचे, म्हणून आम्ही बूटच्या ओळीत रूट पार्टिशनचा पत्ता थेट एमएमसीबीएलके-१ असा लिहून टाकला होता. ५.१० मध्ये एमएमसीचे ड्रायव्हर समांतर सुरू होऊ लागले. आधी कोण तयार होईल ते नक्की नसल्यामुळे क्रमांकांची कधीकधी अदलाबदल व्हायची. कर्नलची यात चूक नाही. क्रमांकावर विसंबू नका हे तिथे आधीपासून सांगतात. आम्ही विसंबलो. उपाय साधा आहे: रूटचा पत्ता पार्टयूयूआयडीने (पार्टिशनच्या न बदलणाऱ्या ओळखीने) द्यायचा, आणि डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरच्या भागांचं वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) एमएमसीचे एलियास लिहून क्रमांक पक्के करायचे. ती सोयही त्याच ५.१० मध्ये आली आहे.

दुसरी गोष्ट जास्त लागली. आमच्याकडे ए-बी अशी दोन पार्टिशनं होती. नवी इमेज उठली नाही तर बूटकाउंट (उठायचे प्रयत्न किती झाले तो आकडा) बघून यू-बूट जुन्या इमेजवर परत जाणार, असं सगळं बांधलेलं होतं. मग परत का गेलं नाही? कारण बूटच्या ओळीत 'रूटवेट' होतं. ते कर्नलला रूट सापडेपर्यंत थांबायला सांगतं, आणि कर्नल कायमचा थांबतो. ना पॅनिक, ना रीसेट, म्हणून बूटकाउंट पुढे सरकतच नाही. ज्या संकटासाठी दोन पार्टिशनं ठेवली, त्याच संकटात दुसरं पार्टिशन बिनकामाचं ठरलं. यावर औषध हार्डवेअर वॉचडॉगचं (यंत्रणा अडकली की तिला रीसेट करणाऱ्या टायमरचं): तो यू-बूटमध्येच सुरू करायचा आणि कर्नल वर येताना ड्रायव्हर त्याला परस्पर बंद करत नाही ना, हे स्वतः तपासायचं. आम्ही तपासलं तेव्हा तो बंद होत होता.

साठातले अकरा डबे आम्ही दोन दिवसांत हिंडून उठवले. दोष तांत्रिक होता, पण तो शेतापर्यंत पोचला तो वेळापत्रकामुळे. पुढच्या रिलीजची तारीख भिंतीवर लिहिलेली असती, तर त्या दिवशी कर्नल बदलायची घाई कुणालाच नसती.

दुरुस्ती

पहिली आणि खरी दुरुस्ती ही की तारीख पक्की करा, मजकूर सैल सोडा. यादी पूर्ण झाली तर छान, नाही झाली तर जे तयार आहे ते घेऊन गाडी निघते.

बिल्डरूटचाच दाखला घ्या. तो प्रकल्प २००१ च्या सुमारास सुरू झाला आणि कित्येक वर्षं त्याची स्थिर रिलीज अशी नव्हतीच. लोक त्या दिवशीचा कोड उतरवून घ्यायचे. २००९ मध्ये पीटर कोर्सगार्ड यांनी सूत्रं घेतली, २००९.०२ ही पहिली आवृत्ती निघाली, आणि तेव्हापासून फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर हा क्रम चालू आहे. दोन महिने नवं काम, एक महिना स्थिर करणं. यू-बूट जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरला येतं. बिल्डरूटसारखंच दुसरं साधन योक्टो, ते एप्रिल आणि ऑक्टोबरला. कर्नलची मर्ज विंडो (नवं काम आत घेण्याची मुदत) दोन आठवडे उघडी असते, मग दर रविवारी एक आरसी, सात किंवा आठ आरसी झाल्या की आवृत्ती. नऊ-दहा आठवड्यांचं हे चक्र हजारो लोक सांभाळतात. मर्ज विंडो चुकली म्हणून तिथे कुणी आकांत करत नाही, कारण पुढची कधी उघडेल ते सगळ्यांना बोटांवर मोजता येतं.

आवृत्तीला तारखेचं नाव दिलं की तारीख आपोआप पाळली जाते, असं मात्र समजू नका. राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सची १९.०७ (म्हणजे जुलै २०१९) ही आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये आली आणि २१.०२ ही सप्टेंबर २०२१ मध्ये. तिथे तो आकडा ब्रँच (कोडची शाखा) वेगळी काढल्याचा असतो आणि त्यांच्या वापरकर्त्यांना ते माहीत आहे. आमच्या शेतकऱ्यांना हे समजावत बसण्यापेक्षा आम्ही साधे चढते क्रमांक ठेवले आणि तारीख वेगळी लिहिली.

आता चक्र किती लांबीचं ठेवायचं? मी आधी बिल्डरूटचं बघून तीन महिने ठरवले. दोन फेऱ्यांत आमची दमछाक झाली. आठ माणसांच्या गटाला स्थिर करायला चार आठवडे लागतात, म्हणजे वर्षातले चार महिने त्यातच. शिवाय शेतकऱ्याला वर्षातून चार मोठी अपडेट नकोच असतात. शेवटी वर्षातून दोन मुख्य रिलीज आणि मध्ये दर महिन्याला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्यांचं छोटं पॉइंट रिलीज, असं ठरलं.

ते दोन महिने निवडताना तीन पंचांगं शेजारी ठेवली. पहिलं अपस्ट्रीमचं, म्हणजे ज्यांच्या कोडवर आमचं काम उभं आहे त्या प्रकल्पांचं: बिल्डरूटची दीर्घ मुदतीची आवृत्ती फेब्रुवारीची असते, म्हणून पायाचा बदल मार्चमध्ये सुरू करायचा. दुसरं शेतीचं: मार्च ते मे विहिरीतल्या पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब असतो, तेव्हा डबा बंद पडणं परवडत नाही, जुलैत पाऊस लागलेला असतो आणि मोटरी बऱ्याच अंशी विसावलेल्या. तिसरं आमचं: गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळी. अनंत चतुर्दशीला पुण्यात कुणी पॅच तपासेल ही अपेक्षाच चूक आहे. निम्मे जण ढोलपथकात असतात.

तिन्ही जुळवून मुख्य रिलीज जुलैच्या दुसऱ्या मंगळवारी आणि जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी ठेवलं. कर्नल, टूलचेन (कोड बांधायची साधनं), बिल्डरूटचा पाया हे मोठे बदल फक्त जुलैत. जानेवारीत रब्बीचं पाणी चालू असतं, म्हणून ते हलकं, पाया तोच. नव्या कामाचा दरवाजा अनुक्रमे मे आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी बंद. पुढे दोन आठवड्यांनी आरसी-१, मग दर मंगळवारी एक. मंगळवारच का, असं प्रत्येक नवा माणूस विचारतो. माझ्या भागात देखभालीसाठी वीज जायची तर बहुतेक गुरुवारी जाते, आणि बिल्ड मशीन माझ्याच घरी आहे. मंगळवारी काढलं की काही फुटलं तर बुधवार पूर्ण हातात राहतो.

दरवाजा बंद झाला तरी काम बंद नाही

आमच्या जुन्या कोड फ्रीझमध्ये हाच घोटाळा होता. बिल्डरूटमध्ये स्थिर करण्याच्या महिन्यात 'नेक्स्ट' नावाची वेगळी ब्रँच उघडतात आणि पुढच्या रिलीजचं काम तिथे घेत राहतात. आम्ही तेच उचललं. दरवाजा बंद होतो त्याच संध्याकाळी नेक्स्ट उघडते आणि पहिला मर्ज मी स्वतः करते, म्हणजे ती जिवंत आहे हे दिसतं. मास्टरवर (मुख्य ब्रँचवर) फक्त दुरुस्त्या. दुरुस्ती आधी मास्टरवर, मग गरज असेल तर चेरी-पिक करून (तेवढाच कमिट उचलून) जुन्या स्थिर ब्रँचवर. उलट कधीच नाही, नाहीतर जुन्या ब्रँचवर बरा झालेला दोष पुढच्या आवृत्तीत परत येतो. आमच्याकडे एकदा आला होता.

सगळ्यात अवघड भाग तांत्रिक नाही. अर्धवट काम परत काढायचं असतं तेव्हा समोर माणूस असतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलाने लोरा (लांब पल्ल्याच्या रेडिओच्या) सेन्सरचा भाग लिहिला होता. आरसी-२ मध्ये त्यामुळे अधूनमधून एसपीआयची बस (चिपांना जोडणारी संदेशवाहिनी) अडकत होती. मी रिव्हर्ट करायचं ठरवलं आणि कमिट करण्याआधी त्याला फोन केला.

"ताई, तीन महिने घातलेत मी यात."

"माहितीये रे. म्हणूनच ते घाईत जायला नको. नेक्स्टवर आजच घेते, तुझ्याच नावाने. जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी निघेल."

तो क्षणभर गप्प होता. मग म्हणाला, "तारीख नक्की ना?" मी हो म्हटलं आणि ती तारीख पाळली. ती पाळली नसती तर पुढच्या वेळी त्याने दरवाजा बंद व्हायच्या रात्री काहीतरी कोंबलं असतं, आणि मला त्याला काही बोलता आलं नसतं. रिव्हर्टचा कमिट लिहिताना कारण, नोंद क्रमांक आणि पुढच्या रिलीजची तारीख, तिन्ही लिहायचं हा आमचा नियम आहे. नुसतं 'रिव्हर्ट' असं लिहिलेला कमिट नव्या माणसाला घराबाहेर काढल्यासारखा वाटतो.

रिलीज कशासाठी अडवायचं, हेही आधी लिहून ठेवावं लागतं. त्या दिवशी ठरवायला बसलं की प्रत्येकाला आपला दोष मोठा दिसतो. आमच्याकडे चारच गोष्टी अडवतात: कुठलाही आधार दिलेला बोर्ड उठत नाही, अपडेट फसल्यावर जुन्यावर परत जात नाही, मोटर नको तेव्हा चालू राहू शकते, किंवा सुरक्षेचं असं भोक जे बाहेरून वापरता येतं. बाकी सगळं 'माहीत असलेले दोष' या मथळ्याखाली रिलीजच्या टिपणात जातं, प्रामाणिकपणे, शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत.

बिल्ड दर वेळी वेगळं येत असेल तर

वहीतल्या पहिल्या रिलीजच्या लांबलेल्या १९ दिवसांपैकी ६ याने खाल्ले होते. एक पॅकेज आम्ही टॅगऐवजी ब्रँचच्या नावाने ओढत होतो. बिल्डरूटचं मॅन्युअल स्पष्ट सांगतं की हे करू नका. एकदा उतरवलेला टारबॉल (कोडचा बांधलेला गठ्ठा) त्या नावाने साठून राहतो आणि ब्रँच पुढे गेली तरी नवा आणला जात नाही. माझ्या मशीनवर मार्चचा कोड, सहकाऱ्याच्या मशीनवर मेचा, दोघांच्या लॉगमध्ये नाव एकच. आता प्रत्येक पॅकेजला टॅग किंवा पूर्ण कमिट हॅश, आणि सोबत हॅश फाइल. योक्टो वापरत असाल तर ऑटोरेव्ह (ब्रँचवरचा सगळ्यात नवा कोड घ्यायला सांगणारी नोंद) शोधा आणि रिलीज ब्रँचवरून काढून टाका, दुखणं तेच आहे.

दरवाजा बंद झाल्यावर लगेच 'मेक सोर्स' चालवून सगळे टारबॉल आपल्या सर्व्हरवर घ्या आणि प्रायमरी साइट म्हणून तोच पत्ता द्या. मूळ संकेतस्थळावरून एखादी फाइल नाहीशी झाली हे टॅगच्या रात्री कळणं फार क्लेशाचं असतं. बिल्डचं कंटेनर (बिल्ड ज्यात चालतं ते बंदिस्त वातावरण) 'लेटेस्ट' वर ठेवू नका, तेही हॅशने बांधा. पॅकेजांचे परवाने गोळा करणारा 'मेक लीगल-इन्फो' सुद्धा आरसी-१ लाच चालवा. परवान्याचा गोंधळ शेवटच्या दिवशी सुटत नाही.

बोर्डावरची चाचणी रोज

पंपघरातल्या त्या सकाळनंतर मी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन पाच व्होल्टचं चार रिलेचं (विजेने चालणाऱ्या स्विचांचं) मॉड्यूल आणलं. एक जुना रास्पबेरी पाय (छोटा संगणक) ते चालवतो. रात्री अकराला नवी इमेज चारही बोर्डांवर चढते, मग रिले एकेका बोर्डाची वीज तोडतो, पाच सेकंद थांबतो, परत देतो, आणि सिरियलवर नव्वद सेकंदांत लॉगिनची ओळ येते का ते बघतो. प्रत्येक बोर्ड रात्रीतून शंभर वेळा. रात्रभर पॅसेजमध्ये टक, टक चालू असतं. घरातल्यांना आता त्याची सवय झाली आहे. या मांडणीवर मी मुद्दाम ती जुनी एप्रिलची इमेज चालवून पाहिली. शंभरात सात वेळा बोर्ड त्याच ओळीवर अडकला. टेबलावर चार-पाच वेळा तपासून तो दोष आम्हाला का दिसला नाही, याचं उत्तर त्या सातात आहे. शक्य असेल तर चाचणीच्या बोर्डात शेतातल्यासारखंच कार्ड घाला, शेतातलाच जुना ॲडॅप्टर लावा.

अपडेटवर डिजिटल सही करायची किल्ली एकाच माणसाकडे असेल तर ती आजच दुसऱ्याकडेही द्या. आमचं एक पॉइंट रिलीज नऊ दिवस थांबलं, कारण किल्ली कोकणात गणपतीला गेली होती.

इतकं करूनही लांबलं तर

पुन्हा वही काढा, तोच रकाना भरा. आमच्याकडे नव्या पद्धतीच्या पहिल्या फेरीत अंतिम टॅग चार दिवस उशिरा झाला. आरसी-१ नंतर १३ कमिट होते आणि त्यातले फक्त तीन शेवटच्या आठवड्यात आलेल्या कामाचे. ते तिन्ही माझ्या हातून मर्ज झाले होते. दरवाजा बंद करणाऱ्यालाच स्वतःसाठी तो किलकिला ठेवायचा मोह होतो, म्हणून आता त्या रविवारनंतर मास्टरवर मर्ज करायचा अधिकार दोघांच्या संमतीशिवाय मलाही नाही.

आणि अडवणाऱ्या चारांपैकी काही खरंच निघालं, तर तारीख पुढे न्या, पण एकदाच, आधी सांगून आणि नवी तारीख देऊन. उबुंटूने २००६ मध्ये एप्रिलची आवृत्ती आधी जाहीर करून जूनपर्यंत पुढे नेली होती. तिचा क्रमांकच मग ६.०६ झाला. गेल्या जुलैत आरसी-३ वर आमच्या एका बोर्डाचं ए-बी परतणं फसलं. तेव्हा टॅगला सात दिवस बाकी होते. त्याच संध्याकाळी काकांसकट सगळ्यांना निरोप गेला: दोन आठवडे उशीर, कारण हे, नवी तारीख चौथा मंगळवार. त्या दोन आठवड्यांत मास्टरवर त्या दुरुस्तीचे दोन कमिट झाले, बाकी एकही नाही. नेक्स्टवर काम चालूच होतं. चौथ्या मंगळवारी सकाळी साडेनऊला टॅग केलं, आणि दुपारी काकांचा निरोप आला की डबा एकदा बंद होऊन परत लागला, हिरवा आहे.